पुसलेली कमेंट आणि आटलेल्या ऑर्डरी

‘मी चामड्याची पाकिटं, पट्टे आणि बॅगा हाताने शिवते आणि इन्स्टाग्रामवरून विकते. सगळं काम एकटीचं. नऊ हजारांवर फॉलोअर्स आहेत, रील्स बऱ्यापैकी बघितल्या जातात, पण काही महिन्यांपासून ऑर्डरी आटल्या आहेत. म्हणून एका मार्केटिंग एजन्सीला काम दिलं. ते म्हणतात, रोज दोन रील टाका, घरचं आयुष्य दाखवा, मुलांना कॅमेऱ्यासमोर आणा, रडू आलं तर तेही दाखवा. लोकांना खरी माणसं आवडतात. शिवाय थोडे फॉलोअर्स आणि चांगल्या कमेंट विकत घ्या, म्हणजे नवीन माणूस बिचकणार नाही. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने पोस्टखाली लिहिलं की दोन महिन्यांत बॅगेचा पट्टा उसवला. एजन्सीच्या सांगण्यावरून मी ती कमेंट पुसली. आता तो माणूस माझ्या प्रत्येक पोस्टखाली ‘इथे तक्रारी पुसल्या जातात’ असं लिहितो. घरचं दाखवायला माझं मन धजत नाही. पण ते न दाखवता लोकांशी नातं जोडायचं कसं?’

— बॅगा शिवणारी

प्रिय मैत्रिणी,

तुमचा प्रश्न नात्याचा आहे, पण आधी त्या पुसलेल्या कमेंटकडे वळते. ते काम आजच करण्यासारखं आहे, आणि ते झाल्याशिवाय बाकीच्या कशाचा उपयोग होणार नाही.

त्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्याची तक्रार पट्ट्याबद्दल होती. वापरातली वस्तू आहे, शिवण उसवते, दुरुस्तही होते. कमेंट पुसल्यावर मात्र तक्रार तुमच्याबद्दलची झाली. तो जे लिहितोय त्यात खोटं काही नाही, म्हणूनच ते तुम्हाला इतकं लागतंय. आणि नव्याने येणारा माणूस ते वाचून लगेच विचार करतो की अशा अजून किती पुसल्या असतील. तुम्ही एकच पुसली असेल, पण हे कळायचा कुठलाही मार्ग त्याच्याकडे नाही. त्यामुळे तुमच्या पोस्टखाली लोकांनी मनापासून लिहिलेलं कौतुकही आता त्याला चाळून घेतल्यासारखं वाटणार.

तेव्हा त्याला उत्तर द्या, आणि ते इनबॉक्समध्ये न देता त्याने जिथे लिहिलंय तिथेच द्या. साधारण असं: ‘तुमची पहिली कमेंट मी काढून टाकली होती. तसं करायला नको होतं. बॅग परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. पट्टा शिवून देते आणि तो का उसवला तेही इथेच सांगते.’ एवढंच. ‘गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ असली कार्यालयीन भाषा नको. एजन्सीने सांगितलं म्हणून केलं, हेही लिहू नका. खातं तुमचं आहे.

बॅग हातात आली की पुढचं काम. तुम्ही हाताने शिवता, म्हणजे बहुधा एकच मेणलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीसारखी ओळ सरसर सुटत जात नाही. मग पट्टा उसवला कसा? शेवटचे दोन-तीन टाके मागे घेऊन दोरा पक्का केला नसेल. भोकं कडेच्या फार जवळ पडून चामडंच फाटलं असेल. किंवा पट्टा कडीत अडकतो त्या जागी दोरा घासून झिजला असेल. तुम्हाला बघताक्षणी कळेल. तेच कॅमेऱ्यासमोर दाखवा: हे इथे सुटलं, या कारणाने सुटलं, पुढच्या बॅगांमध्ये मी हे बदलते आहे. मिनिटभर पुरे. त्या माणसाची हरकत नसेल तरच, आणि त्याचं नाव न घेता.

याला धाडस लागतं, हे मला मान्य आहे. पण याहून कितीतरी मोठ्या चुकीत हे करून दाखवणारे आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे सहा तासांतला काही डेटा परत मिळालाच नाही, आणि भरवशाच्या मानलेल्या बॅकअपच्या काही सोयी चालतच नव्हत्या हेही त्याच वेळी उघड झालं. कंपनीने दुरुस्तीची टिपणं सगळ्यांना वाचायला खुली ठेवली, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर काय, कुठे, का चुकलं याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकं चिडली नसतील असं मी म्हणत नाही. पण आतमध्ये काय चाललंय याचे तर्क लढवत बसायची वेळ त्यांच्यावर आली नाही. तुमच्याकडून तुमच्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच हवं आहे. माफी तर हवीच, पण माफीपेक्षा त्याला कारण जास्त उपयोगी पडतं; कारण कळलं की पुढची बॅग घ्यायची की नाही हे त्याला ठरवता येतं.

मग काहीच पुसायचं नाही का? पुसा ना. शिवीगाळ, धमकी, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता, दुसऱ्याच मालाच्या जाहिराती, हे सगळं काढून टाका आणि आपण काय काढतो ते एकदा स्पष्ट लिहून प्रोफाइलवर वरच पिन करून ठेवा. मालाबद्दलची तक्रार, कितीही कडवट असली तरी, त्या यादीत येत नाही. सगळं गोड दिसलं तर विक्री वाढेल हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये ऑनलाइन खरेदीचा अभ्यास मांडला. त्यात लोक विकत घेण्याची शक्यता पाचपैकी पाच तारे असलेल्या वस्तूंपेक्षा साधारण ४ ते ४.७ ताऱ्यांच्या वस्तूंबाबत जास्त दिसली. पैकीच्या पैकी मार्क बघून माणूस सावध होतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

घरचं दाखवायला तुमचं मन धजत नाही, तर दाखवू नका. हे मी तुमची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. विश्वास कशातून बनतो याबद्दल एजन्सीची समजूतच चुकली आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांना वाटतं लोकांना तुमच्याबद्दल जितकं जास्त माहीत, तितका विश्वास जास्त. पण तुमच्या घरातल्या भिंतीचा रंग माहीत असल्याने तुमच्या बॅगेचा पट्टा टिकेल की नाही, हे कोणाला कळतं? त्यातून आपुलकी वाटते, आणि ती खोटी असते असं मुळीच नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच, टीव्ही-रेडिओच्या जमान्यात, लिहून ठेवलं आहे की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. समोरचा आपल्याशीच बोलतोय, आपण त्याला ओळखतो असं वाटू लागतं. सोशल मीडियाने त्यात भर घातली की आता समोरचा अधूनमधून उत्तरही देतो. पण एकटी बाई नऊ हजार माणसांच्या आपुलकीची परतफेड करू शकत नाही. आज मुलांच्या वाढदिवसाला बोलावल्यासारखं दाखवायचं आणि उद्या त्यातल्याच कुणी मनातलं काही लिहिलं तर दोन बदामी इमोजी टाकून पुढे जायचं, यात त्या माणसाची फसगत आहे. जे निभावता येणार नाही ते नातं सुरू करू नये. आणि मुलांचं म्हणाल तर त्यांना विचारलं तरी ती कशाला हो म्हणताहेत हे त्यांना कळण्याचं वय नाही. तिथे माझं उत्तर साफ नाही असंच आहे.

रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या तीन अभ्यासकांनी १९९५ मध्ये विश्वासाबद्दल एक मांडणी केली, ती मला अजून उपयोगी पडते. आपण दुसऱ्यावर विसंबतो ते तीन गोष्टी जोखून: त्याला ते काम येतं का, तो माझं भलं बघेल का, आणि तो बोलतो तसं वागतो का. तुमची एजन्सी मधल्या गोष्टीचा आभास तयार करायला सांगते आहे आणि उरलेल्या दोन्हींना हातच लावत नाही. उलट विकतच्या कमेंटमुळे तिसरीचा पायाच उखडतो.

रडण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ‘कच्चेपणा दाखवा’ हा सल्ला आता सगळीकडेच ऐकू येतो. त्याच्या समर्थनासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांच्या १९६६ च्या प्रयोगाचा दाखला दिला जातो: प्रश्नमंजूषेत उत्तरं देणाऱ्याच्या हातून कॉफी सांडली तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडू लागला. पण अर्धीच गोष्ट सांगतात. जो भराभर बरोबर उत्तरं देत होता त्याच्याच बाबतीत असं झालं. ज्याला उत्तरं येत नव्हती त्याने कॉफी सांडली तेव्हा तो आणखी नावडता झाला. म्हणजे चूक माणसाला जवळ आणते ती कसब दिसल्यानंतर. तुमचं कसब तुमच्या खात्यावर दिसतं का? एजन्सीने आणखी कोणतं संगीत लावायचं हे सांगण्यापूर्वी हा प्रश्न विचारायला हवा होता.

तुमचं खातं काही मी बघितलेलं नाही. पण हातकामाची बरीच खाती बघते, आणि बहुतेकांत तयार वस्तूचे देखणे फोटो, मंद उजेड आणि ‘प्रेमाने बनवलेलं’ एवढाच मजकूर असतो. घेणाऱ्याला पडणारे प्रश्न त्यात कुठेच नसतात. तुमच्या मालात तर सांगण्यासारखं किती आहे! वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं चामडं वापराने आणि उन्हाने गडद होत जातं. काहींना ते फार आवडतं, काहींना आपल्याला डागाळलेली वस्तू मिळाली असं वाटतं. पाण्याचा थेंब पडला तर त्यावर खूण राहू शकते. एकाच कातडीच्या पाठीकडचा भाग घट्ट आणि पोटाकडचा सैल असतो, म्हणून दोन बॅगा अगदी सारख्या निघत नाहीत. चामड्याचा भुगा चिकटद्रव्याने जोडून केलेला पत्रा काही काळाने सोलपटतो, आणि तोही ‘लेदर’ म्हणूनच विकला जातो. हे सगळं तुम्हाला इतकं माहीत असेल की सांगण्यासारखं वाटतच नसेल. घेणाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. तुमची नवी बॅग आणि तीच दोन वर्षं वापरलेली बॅग शेजारीशेजारी ठेवून दाखवा. वापरलेलीवरचे ओरखडे झाकू नका.

त्याहून एक पाऊल पुढे जा आणि तुमची बॅग कोणी घेऊ नये तेही लिहा. ज्यांना रोज पावसात बॅग न्यायची आहे, ज्यांना हलकी बॅग हवी, ज्यांना रंग वर्षानुवर्षं तसाच राहायला हवा, त्यांनी दुसरं काही बघावं असं तुम्हीच सांगा. यामुळे चार विक्री जातील, त्या जाऊ द्या. त्या चारांमधल्या तिघांची नंतर तक्रारच आली असती. पण जे वाचून थांबतात त्यांना तुमच्या बाकीच्या शब्दांवर विसंबायला एक कारण मिळतं. आपल्या तोट्याचं बोलणारा माणूस फायद्याचं बोलतो तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष जातं. मेयर आणि मंडळींनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या एकाच पोस्टमध्ये येतात, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात कॅमेरा न्यावा लागत नाही.

किमतीही उघड लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही पद्धत इतकी रुळली आहे की ती लोकांना किती खटकते हे विकणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. माणूस बघून भाव सांगताहेत की काय, असा संशय तिथेच सुरू होतो. कोणी पोस्टखाली लांबी विचारली, आत किती कप्पे आहेत असं विचारलं, तर उत्तरही तिथेच द्या. तोच प्रश्न मनात ठेवून न विचारता जाणारे पुष्कळ असतात. बॅग शिवायला तीन आठवडे लागत असतील तर चार लिहा आणि उशीर होणार असं दिसताक्षणी, गिऱ्हाइकाने विचारण्याआधी, कळवा. आणि ‘शेवटचे दोन नग’ हे फक्त खरोखर दोनच उरले असतील तेव्हा. पुढच्या आठवड्यात तीच बॅग पुन्हा दिसली की बघणारा काही बोलत नाही, मनात नोंद करतो.

विकतच्या फॉलोअर्सचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विचार करण्यासारखं फार काही नाही. नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये केलेल्या नियमाने खोटी परीक्षणं, आणि बॉटने (आपोआप खाती चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) किंवा चोरलेल्या खात्यांनी फुगवलेले फॉलोअर्स धंद्यासाठी जाणूनबुजून विकणं-विकत घेणं या दोन्हींवर बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तुमचं स्वतःचंच नुकसान मोठं आहे. आज तुमच्याकडे एक मौल्यवान माहिती आहे: या नऊ हजारांतले किती जण खरंच काही विचारतात. त्यात पाच हजार निर्जीव खाती मिसळली की कुठली पोस्ट लोकांना भावली आणि कुठली नाही, हे तुम्हालाच कळेनासं होईल. ‘मैत्रिणीला टॅग करा’, ‘आवडलं तर हो लिहा’ असल्या क्लृप्त्यांचंही तेच. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच अशी भीक मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलायला सुरुवात केली होती.

त्याऐवजी बघायचं काय? पोस्ट कितींनी जपून ठेवली, कितींनी दुसऱ्याला पाठवली, हे इन्स्टाग्राम दाखवतं. पण मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या तुमच्या वहीत लिहायच्या नोंदी: कोण दुसऱ्यांदा घ्यायला आलं, कोण कोणाच्या सांगण्यावरून आलं, आणि विचारणा करून कोण का गेलं. न घेता गेलेल्यांना एकदा नम्रपणे विचारून बघा. ऑर्डरी का आटल्या याचं उत्तर माझ्याकडे नाही, एजन्सीकडे तर नाहीच. ते या माणसांकडे आहे. कदाचित भाव वाढला असेल, कदाचित तुमच्यासारखं काम करणारं आणखी कोणी आलं असेल. आकडे बघून हे कळत नाही, विचारून कळतं.

पुढे कधी मोठ्या खात्याच्या माणसाला बॅग भेट देऊन तिच्याबद्दल लिहून घ्यावंसं वाटलं, तर ‘ही मला भेट मिळाली आहे’ हे त्याने पोस्टमध्ये ठळक लिहावं ही अट तुम्हीच घाला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे असोत वा फुकट मिळालेली वस्तू, लागेबांधे जाहीर करा असं त्यात सांगितलं आहे. अट मान्य नसणारा माणूस तुमच्या उपयोगाचा नाही.

रोज दोन रील एकटीने करायच्या तर शिवायचं कधी? आठवड्याला दोन पोस्ट ठरवा, त्या मात्र चुकवू नका, आणि उरलेला वेळ उत्तरं देण्यात घाला. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. रात्री अकरा वाजता आलेल्या प्रश्नाला रात्रीच उत्तर द्यायला हवं असं नाही. ‘सकाळी उत्तर देते’ असं प्रोफाइलवर लिहिलेलं असलं आणि सकाळी उत्तर मिळालं, की झालं.

एक काम मात्र रीलच्या आधी करा. ज्यांनी तुमच्याकडून घेतलंय त्यांना विचारा, नवी वस्तू आली की व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर कळवू का. हो म्हणतील त्यांचीच नावं ठेवा, नको म्हणाले की लगेच काढा, आणि खरंच काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहा. कारण इन्स्टाग्रामवरचे नऊ हजार तुमच्या हातात नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी पोस्ट दाखवण्याचा क्रम बदलला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना झुकतं माप देऊन धंद्यांच्या पानांची पोहोच कमी केली. वाइन हे व्हिडिओचं ॲप तर जानेवारी २०१७ मध्ये बंदच झालं, आणि तिथे लाखोंचा प्रेक्षक जमवलेल्यांना नव्या जागी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

एजन्सीला काढायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या सुरात ते ऐकू आलं. त्यांना लेखी कळवा की फॉलोअर्स आणि कमेंट विकत घ्यायच्या नाहीत, मालाबद्दलची तक्रार तुम्हाला विचारल्याशिवाय पुसायची नाही आणि घरातलं किंवा मुलांचं काही मागायचं नाही. एवढ्या अटींत राहून व्हिडिओचं संपादन, फोटो, पोस्टची वेळ सांभाळणं अशी कामं ते नीट करत असतील तर ठेवा. त्याने तुमचे हात मोकळे राहतील. कुरकुर केली तर करार संपवा. आणि दोन्हींपैकी काहीही करण्याआधी खात्याला जोडलेला ईमेल, फोन नंबर आणि पासवर्ड तुमच्याच ताब्यात आहे ना, हे तपासून घ्या.